मधली तार : वीज, यंत्रमाग आणि मराठी समीक्षेचे कप्पे

मराठीत 'आकडा' म्हणजे अंक. भिवंडीत 'आकडा' म्हणजे उघड्या तारेवर टाकून वीज घ्यायचा हुकही. मटक्यातला तिसरा अर्थ सध्या बाजूला ठेवू. पहिला आकडा कागदावर असतो, दुसरा खांबावर. विजेविषयी मराठीत जे लेखन झाले त्यात पहिल्या आकड्याचा भरणा फार आहे: मेगावॅट, युनिट, टक्के, दर. दुसऱ्या आकड्याच्या आसपास जी माणसे राहतात, त्यांच्याविषयी लिहिले गेले ते बातमीपुरते.

माझे बालपण भिवंडीत, यंत्रमागांच्या शेजारी गेले. आमच्या गल्लीत मागांची खटखट रात्रंदिवस चाले आणि त्या आवाजात आम्ही मुले गाढ झोपत असू. जाग यायची ती आवाज थांबल्यावर. 'लाइट गेली' हे डोळे न उघडताच कळे. मग खालच्या कारखान्यातले कामगार बाहेर ओट्यावर येऊन बसत. कोणी बिडी पेटवी, कोणी बनियनने घाम पुशी. त्यांची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, तासावर नाही, हे मला पुष्कळ नंतर समजले. वीज गेली की त्यांची कमाई त्या क्षणी थांबत होती.

पुढे मराठी साहित्याचा विद्यार्थी झाल्यावर या ओट्यावरच्या माणसांना मी पुस्तकांत शोधू लागलो. ती फारशी सापडली नाहीत. पण शोधताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. वीज जिथे तयार होते तिथली माणसे आपल्या लेखनात आहेत, आणि ती जिथे खर्च होते तिथली माणसेही आहेत. एकाच तारेच्या दोन टोकांना ती उभी आहेत. ही गोष्ट मात्र आपण वाचकांनी आणि समीक्षकांनी क्वचितच लक्षात घेतली. धरणाखाली गेलेल्या गावाचे पुस्तक ग्रामीण साहित्याच्या कप्प्यात गेले आणि गिरणीचे पुस्तक कामगार साहित्याच्या. मधली तार कोणत्याच कप्प्यात बसली नाही. या लेखात त्या तारेच्या अंगाने काही परिचित पुस्तके आणि काही अपरिचित कागद वाचून पाहायचे आहेत.

मुळशीचे पाणी, मुंबईचा धोटा

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांत अडवलेले पाणी सुमारे सतराशे फूट खाली सोडून तयार केलेली ही वीज मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. तोवर गिरण्या कोळशावर आणि वाफेच्या इंजिनांवर चालत. खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजगृहे उभी राहिली. भिऱ्याला जे पाणी येते ते मुळशीच्या धरणाचे.

मुळशीचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन काम बंद पाडले, बायका-मुलांसह तुरुंग भोगला. १९२४ च्या अखेरीस लढा संपला आणि धरण झाले. या लढ्याचे एक नेते विनायकराव भुस्कुटे यांनी 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक लिहिले. राजेंद्र व्होरा यांनी अभ्यासकाच्या नजरेने हाच लढा पुन्हा तपासला. पुण्यातल्या सावकार-जमीनदारांचे हित आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्यांचे हित एक नव्हते, नुकसानभरपाईच्या प्रश्नावर ते वेगळे झाले, हे व्होरांनी दाखवलेले सूत्र फार महत्त्वाचे आहे.

धरणाच्या बाजूने त्या काळी जे युक्तिवाद झाले त्यांत एक असा होता की, या विजेमुळे कोळसा वाचेल, गिरण्या वाढतील आणि मजुरांना काम मिळेल. म्हणजे मुळशीचा शेतकरी उठवताना गिरणीतल्या मजुराचा दाखला दिला गेला होता. तो मजूर कोण होता? कोकणातून आणि घाटावरून, पुणे-सातारा भागातून मुंबईला गेलेला शेतकऱ्याचाच मुलगा. तारेच्या दोन टोकांना एकाच समाजातली माणसे होती. त्यांतल्या एकाच्या नावाने दुसऱ्याची जमीन घेतली गेली.

आता १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी घ्या. गिरणी कामगारांवरची आरंभीची महत्त्वाची मराठी कादंबरी म्हणून तिचा उल्लेख वाङ्मयेतिहासात होतो आणि तो योग्यच आहे. मला येथे तिच्या शीर्षकापुरतेच बोलायचे आहे. धोटा धावतो; पण तो कशाने धावतो? १९३३ पर्यंत मुंबईतल्या पुष्कळ गिरण्या टाटांच्या जलविद्युतीवर चालू लागल्या होत्या. धोट्याच्या धावण्यात मावळातल्या बुडालेल्या खाचरांचे पाणी होते. सत्याग्रह संपून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. तरीही 'धावता धोटा' आणि भुस्कुट्यांचे पुस्तक एकमेकांशेजारी ठेवून केलेले वाचन माझ्या पाहण्यात नाही. एक कादंबरी म्हणून वाचली गेली, दुसरे चळवळीचा इतिहास म्हणून. वरेरकरांवर हा आक्षेप नाही. कादंबरीकाराने वीजवाहिनीचा नकाशा काढावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. समीक्षकाने मात्र दोन पुस्तकांमधले अंतर पाहायला हवे होते, कारण ते त्याचे काम आहे.

कालवा दिसतो, तार दिसत नाही

स्वातंत्र्यानंतर हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते आणि वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने (बच्छावत लवादाने) या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पुढचे टप्पे धरून कोयनेची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. शिवसागर जलाशयामुळे शंभराच्या आसपास गावे उठली. विस्थापितांचा काही भाग साताऱ्याबाहेर, जुन्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांतही वसवला गेला. ज्या जिल्ह्यात भिवंडी आहे, त्याच जिल्ह्यात कोयनेची वीजही आली आणि कोयनेची माणसेही. पुनर्वसनाच्या अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी कोयनानगरला आंदोलने होत राहिली, ती अगदी अलीकडेपर्यंत.

विस्थापनावरची मराठीतली सर्वांत परिचित कादंबरी म्हणजे विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१, साहित्य अकादमी पुरस्कार १९९२). खैरमोडे गुरुजींसारखा माणूस त्या कादंबरीने आपल्याला दिला. तिचे बळ एका गोष्टीत आहे: ती बुडीत गावापाशी थांबत नाही. पाणी कोणाच्या शेतात जाते आणि उठलेल्या माणसाला लाभक्षेत्रातला शेतकरी आपल्या बांधाला का उभा राहू देत नाही, हे ती पाहते. गमावणारा आणि मिळवणारा तिच्यात समोरासमोर येतात, म्हणून ती केवळ करुण राहत नाही.

हे तिला शक्य झाले याचे एक कारण विषयातच आहे. सिंचनाच्या धरणाला कालवा असतो. तो डोळ्यांना दिसतो. त्याच्या काठाने चालत गेले की लाभार्थ्याचे शेत येते. विजेच्या धरणाला तसे काही नसते. तारेवरून चालत जाता येत नाही, आणि जाळ्यात शिरलेली वीज कोयनेची की कोळशाची हे शेवटच्या दिव्याला सांगता येत नाही. पोफळीची वीज वापरणारा माणूस दोन-तीनशे किलोमीटर दूर असतो आणि शिवसागराखाली कोणती गावे आहेत हे त्याला ठाऊक नसते. त्याला खलनायक ठरवणेही कठीण. त्याने फक्त बटण दाबलेले असते, किंवा माग सुरू केलेला असतो. 'झाडाझडती'ने सिंचनाच्या बाबतीत जे केले, ते विजेच्या बाबतीत करणारी कादंबरी मराठीत लिहिणे म्हणूनच अधिक अवघड आहे. ही अडचण समजून घेतली तरच, ती का लिहिली गेली नाही, हा प्रश्न तक्रारीचा न राहता समीक्षेचा होतो.

साचे कुठे गेले?

दुसऱ्या टोकाकडे येऊ. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) पासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत गिरणगावाचे मराठी साहित्य मोठे आणि सकस आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतरची पडझड 'अधांतर'ने लालबागच्या एका खोलीत उभी केली. पवारांच्या पुढच्या कथांनीही, विशेषतः 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाने, गिरण्यांच्या जमिनींवर उगवलेल्या नव्या शहराचा पाठपुरावा केला. जमिनीचे काय झाले, माणसांचे काय झाले, हे आपल्या साहित्याने विचारले.

साच्यांचे काय झाले, हे फारसे विचारले गेले नाही. गिरणगावाच्या बोलीत मागाला 'साचा' म्हणत आणि विणाईच्या विभागाला 'साचेखाते'. गिरण्या बंद पडल्या तेव्हा साचे नाहीसे झाले नाहीत. पुष्कळसे जुने माग विकले गेले आणि मुंबईपासून चाळीसेक किलोमीटरवर, भिवंडीच्या पत्र्याच्या छपरांखाली पुन्हा उभे राहिले. भिवंडीत हातमाग आणि यंत्रमाग आधीपासून होतेच. संपानंतर मुंबईचे काम इथे अधिक वेगाने सरकले. ज्या यंत्रावर लालबागचा कामगार हजेरी, भत्ता आणि युनियन यांच्या आधाराने उभा होता, त्याच बनावटीच्या यंत्रापुढे आता उत्तर प्रदेशातून, बिहारातून किंवा तेलंगणातून आलेला माणूस बारा तासांच्या पाळीत, बहुधा कोणत्याही नोंदीशिवाय, उभा राहिला. 'अधांतर' जिथे संपते तिथून साच्याची गोष्ट पुढे चालू आहे. ती मराठीत मात्र चालू राहिली नाही.

याचे एक उत्तर भाषेचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गिरणगाव मराठी बोलत होते. भिवंडीचा माग उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू बोलतो. पद्मानगरातला तेलुगू विणकर किंवा मोमीन-अन्सारी मोहल्ल्यातला कारागीर आपले सुखदुःख मराठीत का लिहील? पण हे उत्तर पुरते नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसवला, तेव्हापासून ते गाव मागावर जगते, आणि ते मराठीच बोलते. यंत्रमागाचे शहर गिरणगावासारखे साहित्यात आलेले नाही, ते इचलकरंजीचेही नाही. तेव्हा कारण केवळ भाषेत नाही. गिरणीला भोंगा होता, फाटक होते, संप होता. गर्दी होती, म्हणजेच नाट्य होते. यंत्रमाग दहा-वीसांच्या तुकड्यांत गल्लोगल्ली विखुरलेला असतो. त्याची पाळी सुरू झाली की संपली हे भोंगा सांगत नाही. तिथे रोजचे नाट्य एकच असते: वीज आहे की नाही.

पडघ्याचे केंद्र आणि मिश्रणाचा तक्ता

भिवंडीहून नाशिककडे जाताना महामार्गावर पडघे लागते. गावाच्या आसपास मनोऱ्यांचे रान आहे. भिवंडी तालुक्यातले हे ठिकाण राज्याच्या वीजव्यवस्थेतला एक महत्त्वाचा सांधा आहे. चंद्रपूरहून येणारी ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी इथे येऊन संपते. १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली ही वाहिनी १,५०० मेगावॅट वाहून आणू शकते. इतक्या लांब पल्ल्यावर वीज एकदिश प्रवाहाने नेली तर वाटेत कमी वाया जाते. पडघ्याला तिचे पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होते आणि ती कळव्याकडे, मुंबईकडे जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा बिघाडाच्या वृत्तांत कळवा–पडघे वाहिनीचे नाव होते. त्या दिवशी मुंबईच्या कित्येक वाचकांनी पडघ्याचे नाव प्रथमच वाचले असेल.

एका टोकाला चंद्रपूरचे औष्णिक केंद्र आहे, २,९२० मेगावॅटचे, राज्याच्या मालकीचे सर्वांत मोठे. त्याच्याभोवती कोळशाच्या खाणी आणि राखेचे तलाव आहेत. दुसऱ्या टोकाला ही भिवंडी. मुळशी–मुंबई ही जुनी जोडी होती, तर चंद्रपूर–पडघे ही तिची आजची आवृत्ती म्हणता येईल. फरक एवढाच की पाण्याच्या जागी कोळसा आला. महानिर्मितीची औष्णिक क्षमता आज तिच्या जलविद्युत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक आहे. खोपोली, भिरा, कोयना यांच्यावर पोसलेल्या आपल्या कल्पनेत वीज अजूनही धबधब्यातून येते. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी खाणीतून येते.

देशाचा तक्ताही याच दृष्टीने वाचायला हवा. जून २०२५ मध्ये भारताची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि तिच्यातला निम्मा वाटा सूर्य, वारा, पाणी, अणू अशा अजीवाश्म स्रोतांचा झाला. ही मोठीच मजल आहे. पण 'स्थापित क्षमता' म्हणजे निर्माण झालेली वीज नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत कोळशाचा वाटा अलीकडच्या वर्षांत सत्तर टक्क्यांहून अधिक राहिला आहे. साहित्यव्यवहारातला दाखला द्यायचा तर प्रकाशकाच्या सूचीत किती पुस्तके आहेत हा एक आकडा, आणि त्यांतली किती वाचली गेली हा दुसरा. दोन्ही खरे. पहिला सांगून दुसरा सुचवणे मात्र खरे नव्हे. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही. पवनचक्की वाऱ्यावर अवलंबून. कोळशाचा संच सुरू व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून तो चालू ठेवला जातो. कोयनेचे यंत्र काही मिनिटांत फिरू लागते, म्हणून संध्याकाळी मागणी चढली की तिच्याकडे पाहिले जाते. मिश्रणाला अशी घड्याळाची बाजू असते आणि वार्षिक तक्त्यात नेमकी तीच नाहीशी होते.

भिवंडीच्या मागाला हे घड्याळ लागू पडते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी औद्योगिक ग्राहकांसाठी सूर्याच्या तासांत स्वस्त आणि मागणीच्या चढत्या तासांत महाग वीज हे तत्त्व आणले. दिवसा सूर्यावर विणावे, संध्याकाळी कमी विणावे, असा त्याचा हिशेब. हिशेब चूक नाही. पण बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत, विणलेल्या मीटरवर जगणाऱ्या माणसाने संध्याकाळच्या चार तासांत काय करायचे, याचा रकाना त्या हिशेबात नाही.

शब्दांची झाडाझडती

विजेच्या कारभाराने मराठीला काही शब्द दिले. ते समीक्षकाने तपासण्याजोगे आहेत.

'भारनियमन' हा त्यांतला पहिला. वीज तोडण्याला हा शब्द 'नियमन' म्हणतो, जणू वाहतूक पोलीस शिट्टी वाजवतो आहे. वीज ज्याची तोडली जाते तो माणूस या शब्दात कुठेच नाही. लोकांनी तो स्वीकारला नाही. लोक 'लाइट गेली' म्हणत राहिले. जाणारी आणि येणारी लाइट ही पाहुण्यासारखी आहे. तिच्यावर आपला हक्क नाही हेही त्या क्रियापदात आहे. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत महावितरणने वेगवेगळ्या विभागांची गळती आणि वसुली पाहून गट पाडले. ज्या भागात गळती जास्त, तिथे अंधार जास्त वेळ. कारभाराच्या दृष्टीने यात तर्क आहे. पण एका रोहित्रावरच्या प्रामाणिक ग्राहकाला शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा भोगावी लागली. मुंबई यातून जवळजवळ सुटलेली राहिली. तिला स्वतंत्र कंपन्यांचा पुरवठा होता आणि मोठा बिघाड झाल्यास शहर जाळ्यापासून अलग करण्याची योजना १९८१ पासूनच होती. काळोखातल्या भिवंडीच्या आकाशात दक्षिणेकडे जो उजेड दिसे, तो मुंबईचा.

दुसरा शब्द 'गळती'. माठ गळतो, छप्पर गळते. गळण्यात कोणाचा हात नसतो. विजेच्या 'गळती'त जुनाट तारांतून उष्णता होऊन गेलेली वीजही येते, आकडा टाकून घेतलेली येते, बिल न भरलेलीही येते. भिवंडीत ती निम्म्याहून अधिक असल्याची नोंद होती. जानेवारी २००७ मध्ये शहराचे वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले. देशातला हा तशा प्रकारचा पहिला प्रयोग. त्यानंतर गळती मोठ्या प्रमाणात घटली, आणि या व्यवस्थेविरुद्ध मोर्चेही निघाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 'गळती'चा आकडा खाली आला हे सांगणारा कागद मिळतो. आकडे कोणाचे होते, झोपडीतल्या एका दिव्यासाठी किती आणि चाळीस मागांसाठी किती, हे त्या एका शब्दाने कायमचे झाकले.

तिसरा शब्द 'प्रकल्पग्रस्त'. रोगग्रस्त, पूरग्रस्त यांच्या रांगेतला. पूर कोणी ठरवून आणत नाही. प्रकल्प ठरवून आणला जातो. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुसंचांसाठी उठली, ती कोणत्याही दैवी कोपाने नाही. तरी शब्द त्यांना आपत्तीच्या यादीत बसवतो. गंमत अशी की या शब्दाला जोडीचा शब्दच नाही. 'प्रकल्पग्रस्त' आहेत, पण 'प्रकल्पपुष्ट' असे आपण कोणाला म्हणत नाही. सिंचनात निदान 'लाभक्षेत्र' आहे. विजेला तेवढाही शब्द मिळाला नाही.

हरकतींचे प्रकरण

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. साहित्य म्हणजे वीजमंडळाचा अहवाल नव्हे. सुर्व्यांच्या कवितेने मुळशीचा पत्ता द्यावा किंवा 'झाडाझडती'ने युनिटचा दर सांगावा, ही मागणी वाङ्मयबाह्य आहे. मला ती करायचीही नाही. माझी मागणी वाचनाची आहे. भुस्कुट्यांचे पुस्तक 'धावता धोटा'शेजारी, 'झाडाझडती' 'अधांतर'शेजारी ठेवून वाचली की प्रत्येकीत नवे काही दिसू लागते. 'अधांतर'मधली बंद गिरणी फक्त एका कुटुंबाची शोकांतिका राहत नाही. ज्या गिरणीच्या नावाने दुसरे कोणी आधीच उठवले गेले होते, ती गिरणीही अखेर टिकली नाही, ही दुहेरी हानी जाणवते. समीक्षेचे कप्पे सोयीसाठी असतात. ते भिंती झाले की पुस्तके एकमेकांशी बोलायची थांबतात.

शिवाय काही कागद असे आहेत की जे साहित्य म्हणून लिहिलेले नाहीत, तरी समीक्षकाने वाचावेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. तो दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घेतो आणि त्याच्या आदेशांत ग्राहकांच्या सूचना-हरकतींचे स्वतंत्र प्रकरण असते. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावरून झालेल्या वादाने सामान्य मराठी वाचकाला वीजखरेदीचा करार वाचायला शिकवले, असे म्हणता येईल. त्या शिकवणीचा वारसा या प्रकरणांत आहे. शेतकरी, गृहिणी, उद्योजक, यंत्रमागधारकांच्या संघटना: प्रत्येकाचे म्हणणे, त्यावर कंपनीचे उत्तर, त्यावर आयोगाचा निर्णय. तिघांच्या तीन भाषा. हरकत घेणारा 'आम्हाला परवडत नाही' म्हणतो, उत्तर 'सरासरी पुरवठा खर्च' असे येते. आपल्या काळातला संवाद कसा होतो, किंवा कसा होत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे क्वचितच मिळाला.

ती प्रकरणे वाचताना मी ओट्यावरच्या त्या माणसांना पुन्हा शोधले. यंत्रमागधारक तिथे आहेत. राज्य सरकारच्या वीजसवलतीची चर्चा आहे. २७ अश्वशक्तीच्या आतला माग आणि त्यापुढचा माग हा भेद आहे. पण मागावर उभा राहणारा माणूस नाही. कारण साधे आहे. कायद्याच्या भाषेत 'ग्राहक' म्हणजे ज्याच्या नावावर जोडणी आहे तो. मीटर मालकाचे, सवलत मालकाची, ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ वीज गेली तर भरपाई मागण्याचा हक्कही मालकाचाच. वीज गेल्यावर ज्याची त्या रात्रीची मजुरी बुडते, तो या व्यवहारात पक्षकारच नाही. मुळशीच्या लढ्यात जसे जमिनीचा मालक भरपाईचा धनी होता आणि कसणारा मावळा नव्हता, तसेच हे. शंभर वर्षांनी तारेच्या दुसऱ्या टोकाला तोच भेद पुन्हा उभा आहे. हे साम्य मला दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावरच दिसले.

मराठी साहित्याने या माणसाला नाव द्यावे, ही अपेक्षा कोणी भिवंडीतला लेखक कधीतरी पुरी करील. कदाचित तो उर्दूत किंवा तेलुगूत लिहील आणि आपल्याला अनुवादातून मिळेल. तोवर समीक्षेने आपल्या बाजूचे काम करावे. पुस्तकांची मांडणी थोडी बदलावी, आणि कारभाराच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याआधी ते उलटून पाहावेत.

आमच्या गल्लीतले कारखाने अजून चालू आहेत. परवा रात्री तिथे मुक्कामाला होतो. मधेच जाग आली. माग थांबले होते. खिडकीतून पाहिले, ओट्यावर चार-पाच जण बसले होते, माझ्या लहानपणी बसत तसेच. फरक एवढाच की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइलचा उजेड होता. पाऊण तासाने लाइट आली, ते उठून आत गेले. त्या पाऊण तासाची नोंद मीटरमध्ये झाली नाही, कारण वीज वापरलीच गेली नव्हती. इतरत्रही ती कुठे झाली असेल असे वाटत नाही.